कॉमेट की टियागो? आधी गावच्या घरातलं अर्थिंग बघा

तुमचा प्रश्न असा: रोज कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून एकदा साताऱ्याला गावी, घरात ही एकच गाडी. विजेवरच्या गाड्यांपैकी टाटाची टियागो ईव्ही घ्यावी की एमजी कॉमेट, आणि पटकन चार्ज कोणती होते?

माझ्याकडे 24 युनिटच्या (ब्रोशरमधले kWh म्हणजेच युनिट) बॅटरीची टियागो आहे, धाकट्या जावेकडे कॉमेट. दोन्ही मी भरपूर चालवल्यात.

ब्रोशर वाचलं की कॉमेट जलद वाटते. घरच्या 3.3 किलोवॉटच्या चार्जरवर ती 7 तासांत भरते, टियागोला 10 ते 100 टक्के व्हायला 8.7 तास लागतात. पण जरा भागाकार करा. कॉमेटची बॅटरी 17.3 युनिटची, ती 7 तासांत भरली. टियागोचे 90 टक्के म्हणजे 21.6 युनिट 8.7 तासांत. दोन्हीकडे उत्तर येतं तासाला अडीच युनिटच्या आसपास. म्हणजे वेग एकच आहे, कॉमेटची टाकी तेवढी लहान. उलट कॉमेट कमी वीज खाते, त्यामुळे त्याच तासाभरात तिला 25 किलोमीटर मिळतात आणि माझ्या गाडीला 20-21. तुमचं रोजचं जाणं-येणं 35-40 किलोमीटरचं धरलं तर रात्री दहाला प्लग लावा, बाराच्या आत काम झालेलं असतं. याला गिझरचा असतो तसा 15 अँपिअरचा पॉइंट पुरतो. दोन्ही गाड्यांत 7 किलोवॉटच्या चार्जरची सोय असलेले प्रकार मिळतात, साडेतीन तासांत भरतात. पण त्यासाठी महावितरणकडून लोड वाढवून घ्या, सोसायटीच्या कमिटीची मनधरणी करा... तुमच्या वापराला ते नकोच.

खरा फरक कात्रजच्या पुढे कळतो. टियागोला डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे हायवेवरच्या मोठ्या चार्जरवर पटकन भरायची सोय आहे, कॉमेटला नाहीच. हायवेवरच्या चार्जरची जाड गन कॉमेटला बसतच नाही. टियागो अशा ठिकाणी 10 वरून 80 टक्क्यांवर तासाभराच्या थोडं आत जाते. चार्जरवर 60 किलोवॉट लिहिलंय म्हणून भुलू नका. किती घ्यायचं ते गाडी ठरवते, आणि 24 युनिटचे 70 टक्के तासाभरात म्हणजे सरासरी 17 किलोवॉटच झाले. 80 च्या पुढे तर गाडी इतकी रेंगाळते की तिथं थांबण्यात अर्थ नाही.

रेंजचे आकडे, टियागोचे 315 आणि कॉमेटचे 230, बाजारात येतानाचे आणि चाचणीतले. त्या चाचणीचा सरासरी वेग ताशी 32 च्या आसपास असतो. पुण्यात एसी लावून मला 200 मिळतात, जावेला 170. हायवेला 80-90 ने गेलं की दोन्ही आणखी खाली येतात. त्यात सातारा पुण्यापेक्षा उंचावर, मध्ये खंबाटकीचा चढ. मी 110 किलोमीटर जाऊन पोचते तेव्हा 38-40 टक्के उरलेले असतात. परतताना अर्धा-पाऊण तास चार्जिंग, चहा, घरी. (एकदा पहिला चार्जर बंद आणि दुसऱ्यावर रांग, असंही झालंय. निघण्याआधी अ‍ॅपवर बघत जा.)

जाऊबाई कॉमेट घेऊन साताऱ्याला बारशाला गेल्या त्या 22 टक्क्यांवर पोचल्या. वाड्यात प्लग लावला तर चार्जरवर लाल दिवा. जुनं वायरिंग, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि अर्थिंग नसलं की हे चार्जर वीज घेतच नाहीत. शेवटी शेजारच्या पिठाच्या गिरणीत गाडी लावली. बारसं दुपारी आटोपलं, पण त्या गिरणीपाशी साडेचार-पाच तास बसून रात्री निघाल्या. "ताई, दळण आणायला आले असते तर बरं झालं असतं," म्हणाल्या.

तरी त्यांना गाडी विकायची नाहीये, आणि त्याचं कारण मला पटतं. कॉमेट तीन मीटरलाही जराशी कमीच आहे. तुळशीबागेच्या आसपास मी पार्किंगसाठी चकरा मारत असते तेव्हा त्यांची लागलेली असते. मात्र मागं जायला पुढची सीट सरकवावी लागते आणि चौघं बसले की सामानाला जागा उरत नाही.

घरात दुसरी पेट्रोलची गाडी असती तर मी कॉमेट सांगितली असती. एकच गाडी आणि दर महिन्याला सातारा, तर टियागो, तीही 24 युनिटचीच. 19.2 वाली स्वस्त पडते, पण साताऱ्याच्या रस्त्यावर ती कॉमेटच्या जवळ जाते.

आणि कोणतीही घ्या, बुकिंगआधी गावच्या घरी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. तुमच्या गावात गिरणी आहे का, मला काय माहीत!