एसआरएस लिहायची सवय आहे, आता स्टोरी लिहा म्हणतात – कुठून शिकू? (उत्तर जरा लांबलंय)

प्रश्न वाचला तुमचा. नाशिकला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतात, टीम स्क्रमवर (छोट्या ठरावीक टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम करायची पद्धत) गेली आणि बीएचं, म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिस्टचं, क्लायंटला काय हवं ते शोधून मांडायचं काम तुमच्याकडे आलं, आधी शंभर शंभर पानांचे एसआरएस (सॉफ्टवेअरने काय काय करायचं ते सगळं आधीच लिहिलेलं डॉक्युमेंट) व्हायचे, आता मॅनेजर म्हणतात डॉक्युमेंट नको, स्टोऱ्या टाका, म्हणजे वापरणाऱ्याच्या तोंडून एकेक गरज छोट्या वाक्यात लिहा. आणि तुम्ही विचारताय की कोर्स कुठला करू, पुण्याला जावं लागेल का. कोर्सचं शेवटी सांगतो, आधी बाकीचं, कारण नाशकात बसून हे उत्तम शिकता येतं असं माझं ठाम मत आहे.

पहिलं म्हणजे 'डॉक्युमेंट नको' हे कुणी कितीही सांगितलं तरी तसंच्या तसं घेऊ नका. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत स्नोबर्डला १७ जणांनी बसून जो अ‍ॅजाइल जाहीरनामा (थोडं थोडं बनवत, बदल स्वीकारत सॉफ्टवेअर करायच्या पद्धतीचा) लिहिला, त्यात भरमसाट कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त किंमत दिलीय एवढंच, कागदाला किंमत नाही असं कुठेच म्हटलेलं नाही, उलट आहे असंच लिहिलंय. फरक पडतो तो वेळेचा. पुढच्या एक-दोन स्प्रिंटमध्ये जे बनणारे त्याचं अ‍ॅनालिसिस आत्ता अगदी बारीक करायचं, त्यापुढचं ढोबळ ठेवायचं, आणि हे प्रोजेक्ट संपेपर्यंत चालूच राहतं. म्हणजे काम कमी झालेलं नाही, रोजचं झालंय.

दुसरं, स्टोरी लिहायचा तो साचा. 'अमुक म्हणून मला तमुक हवंय, म्हणजे असं असं होईल.' सगळे नवीन बीए हा साचा घोकतात आणि जिरामध्ये (टीमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) जुन्या एसआरएसची वाक्यं त्यात बसवत जातात. स्क्रम गाइड, २०२०चं, फुकट आहे आणि जेमतेम १३ पानांचं आहे, ते वाचा, त्यात युजर स्टोरी हा शब्दसुद्धा नाही. स्टोरी आली एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या अ‍ॅजाइल पद्धतीतून, आणि त्यातल्याच रॉन जेफ्रीजने २००१ मध्ये तिचे तीन भाग सांगितले: कार्ड, कॉन्व्हर्सेशन, कन्फर्मेशन. कार्ड ही फक्त आठवण असते. खरं अ‍ॅनालिसिस मधल्या बोलण्यात होतं आणि ते पक्कं होतं शेवटच्या कन्फर्मेशनमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियामध्ये (स्टोरी पुरी झाली हे ठरवायच्या अटी). तुम्ही टेस्टिंगमधून आलाय, हा तिसरा भाग तुम्हाला आधीच येतो, ही मोठी जमेची बाजू आहे.

आता बोलायचं म्हणजे काय बोलायचं, ते एका उदाहरणावर दाखवतो. लासलगाव नाहीतर पिंपळगाव बसवंतच्या कांदा व्यापाऱ्यासाठी सॉफ्टवेअर करायचंय असं धरा. स्टोरी: 'व्यापारी म्हणून मला लिलावात घेतलेल्या गाडीची हिशोबपट्टी लगेच काढता यावी, म्हणजे शेतकऱ्याचे पैसे अडकणार नाहीत.' दिसायला सोपी. व्यापाऱ्याला 'तुम्हाला काय काय हवं' असं विचारलंत तर तो म्हणेल पट्टी निघाली पाहिजे, बस. त्याऐवजी आकडे घालून एक गाडी त्याच्यापुढे उभी करा. भाव फुटला १,८५० रुपये क्विंटल, भुईकाट्यावर भरलेला ट्रॅक्टर ५,८२० किलो, रिकामा ३,५२०, माल २३ क्विंटल, रक्कम ४२,५५०. बरोबर? तो म्हणतो बरोबर, आणि लगेच पुढे म्हणतो, पण खळ्यावर ट्रॉली खाली केली आणि तळाला ओला माल निघाला तर? इथे आपण कान टवकारायचे. मग काय करता? मग तीन क्विंटलचा भाव हजार रुपये ठरला असं समजा, २० क्विंटलचे ३७,००० आणि ३ क्विंटलचे ३,०००, एकूण ४०,०००. आता प्रश्न निघायला लागतात: एका गाडीला दोन भाव चालतात का, लिलावातला मूळ भाव पट्टीवर दिसत राहिला पाहिजे का, बदल कोण करू शकतो, मुनीम की फक्त मालक, शेतकऱ्याने कबूल केलं हे कुठे नोंदवायचं, त्याला मान्य नसेल आणि तो बाजार समितीकडे गेला तर ती पट्टी कुठल्या अवस्थेत ठेवायची? यातला एकही प्रश्न साच्यातून आला नसता, सगळे एका ओल्या गाडीतून आले.

याच पद्धतीला एक्झाम्पल मॅपिंग म्हणतात. स्टोरी, तिचे नियम, प्रत्येक नियमाची उदाहरणं आणि उत्तर न मिळालेले प्रश्न, चार रंगांच्या चिठ्ठ्या, बास. एका स्टोरीला साधारण २५ मिनिटं द्यायची. प्रश्नांच्याच चिठ्ठ्या जास्त झाल्या तर ती स्टोरी स्प्रिंटमध्ये घ्यायची नाही, नियम फार झाले तर ती फोडायची. मग हीच उदाहरणं गिव्हन-व्हेन-देन मध्ये (अशी स्थिती असताना, असं केलं, की असं व्हावं) लिहिली की टेस्ट केस जवळजवळ तयार.

फोडण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण नवीन लोक इथेच अडकतात. आधी डेटाबेस, मग स्क्रीन, मग रिपोर्ट अशा आडव्या स्टोऱ्या पाडू नका, स्प्रिंटच्या शेवटी व्यापाऱ्याला दाखवायला हातात काहीच राहत नाही. उभ्या पाडा. पहिली, एक भाव, एक गाडी, साधी पट्टी छापून निघते. दुसरी, दोन भावांची. तिसरी, वादातली पट्टी. चौथी, दिवसाची एकत्र यादी. प्रत्येक वेळी वापरता येईल असं काहीतरी मिळतं, आणि तिसरीपर्यंत पोचेस्तोवर व्यापाऱ्याचं मत बदललं तरी फार काही वाया जात नाही. बिल वेकची इन्व्हेस्ट ही सहा कसोट्यांची यादी (स्वतंत्र, चर्चेला मोकळी, उपयोगी, अंदाज बांधता येणारी, छोटी, तपासता येणारी) २००३ ची आहे, ती फोडलेली स्टोरी तपासायला वापरा. सगळ्या स्टोऱ्यांचं एकत्र चित्र हरवू नये म्हणून जेफ पॅटनचं स्टोरी मॅपिंग, म्हणजे वर गाडी आवारात येण्यापासून पैसे देईपर्यंतचे टप्पे ओळीने आणि प्रत्येकाखाली त्याच्या स्टोऱ्या. भिंत पुरते त्याला.

आणि हो, नेट गेलं तर काय, लिलावाच्या गर्दीत उन्हात मोबाइलची स्क्रीन दिसते का, हंगामात गाड्यांची रांग लागते तेव्हा एक पट्टी किती सेकंदात निघाली पाहिजे, हेही रिक्वायरमेंटच आहे. हे कुठलाही क्लायंट आपणहून सांगत नाही. त्यासाठी जाऊन उभं राहावं लागतं, एक सकाळ तरी.

सरावासाठी तुमच्या कामाचीच वाट बघू नका. ओळखीतला एखादा द्राक्ष बागायतदार, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतलं छोटं वर्कशॉप, घराजवळचं मेडिकल, कुणाचंही एक रोजचं काम घ्या, त्यांना विचारून तासभर शेजारी बसा, पाच-सात स्टोऱ्या आणि प्रत्येकीची उदाहरणं लिहा आणि ती त्यांनाच वाचून दाखवा. ते मध्येच 'तसं नाही हो' म्हणाले की समजा शिकायला सुरुवात झाली.

आता कोर्स. अ‍ॅनालिसिससाठी आयआयबीए या बिझनेस अ‍ॅनालिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं एएसी हे अ‍ॅजाइल अ‍ॅनालिसिसचं सर्टिफिकेशन आहे, त्याचा आधार म्हणजे त्यांनी अ‍ॅजाइल अलायन्सबरोबर काढलेलं अ‍ॅजाइल एक्स्टेन्शन हे मार्गदर्शक पुस्तक, आणि त्यातली स्ट्रॅटेजी, इनिशिएटिव्ह, डिलिव्हरी या तीन पातळ्यांची मांडणी खरंच उपयोगी आहे. पण तुम्ही वर्षभर स्टोऱ्या हाताळा, मग ते वाचा, तेव्हा प्रत्येक पानाला तुमच्याकडचं उदाहरण असेल. तोवर कंपनी फी भरत असेल तर करा, स्वतःच्या खिशातून घाई नको. आणि परीक्षा ऑनलाइन देता येते, पुण्याला जायची गरज नाही.

सध्याच्या कामातली एखादी अडलेली स्टोरी असेल तर क्लायंटचं नाव-गाव काढून इथेच टाका, आपण ती मिळून फोडू.