मासळीला खाद्य टाकणाऱ्या पोरास

चि. बाबूस,

गोंदियाकडच्या मत्स्यशेतीवर खाद्य टाकायच्या कामावर लागलास, हे कळलं. घरचे म्हणतात, "दाणेच तर फेकायचे." म्हणू दे. तळ्याचा निम्म्याहून जास्त खर्च त्या दाण्यांत असतो आणि तो तुझ्या हातातून जातो.

हिशेब असा. सरासरी 200 ग्रॅमचे 5,000 मासे म्हणजे 1,000 किलो मासळी. त्या वजनाच्या दोन टक्के खाद्य धरलं तर दिवसाला 20 किलो, सकाळ-संध्याकाळ अर्धं-अर्धं. पण हे झालं वहीतलं. तरंगतं खाद्य वीस मिनिटांनीही पाण्यावर दिसलं, तर पुढच्या वेळी हात आखड. वारा ज्या बाजूने येतो त्या काठावरून टाक, नाहीतर दाणे गवतात अडकून सडतात.

जपायचे दिवस श्रावण-भादव्यातले. दोन-तीन दिवस सूर्य दिसला नाही की पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन कमी तयार करतं, आणि रात्रभर मासे अन् शेवाळ दोघंही तो ओढत राहतात. पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंडं उघडझाप करतात. नवखा समजतो भूक लागली, अन् पोतं फोडतो. तेव्हा एक दाणाही टाकू नको. खाल्लेलं पचवायलाही माशाला ऑक्सिजनच लागतो. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा घालणारं यंत्र, चालू कर. लाइन गेली असेल तर डिझेल पंपाने ताजं पाणी सोड, मालकाला उठव. पंगस माशाची गोष्ट वेगळी, तो हवेतूनही श्वास घेतो. वर येऊन गेला म्हणून घाबरू नको.

मग मॅनेजर विचारेल, पोती उरली कशी? म्हणून रोज लिही: आभाळ कसं होतं, किती टाकलं, का थांबवलं. तोंडी सांगितलेलं पगाराच्या दिवशी कोणी धरत नाही.

थंडीत पाणी गार पडलं की खाणं आपोआप घटतं, तेव्हा आकड्याचा हट्ट नको. पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेव. बुरशी आलेलं खाद्य माशांना घालू नको, फुकट गेलं तरी चालेल. डोंग्यातून टाकायचं असेल तर लाइफ जॅकेट माग. पोहता येतं, हे मला सांगू नको.

आणि हो, गावच्या मालगुजारी तलावावर (मालगुजारांच्या काळचा जुना तलाव) ढिवरांची, म्हणजे मासेमार समाजाची, म्हातारी माणसं भेटतील. पाण्याच्या रंगाबद्दल त्यांना विचारत जा, आपल्या मॅनेजरपेक्षा त्यांना जास्त कळतं.

फेकजाळं टाकून नमुना काढाल तेव्हा सरासरी वजन कळव. खाद्य किती वाढवायचं ते फोनवर बोलू.