साइटवरची थंडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरात स्लॅब भरला. सिमेंट पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं), गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, चार मीटरचा. सेंटरिंगवाला सातव्या दिवशी टेकू काढायचे म्हणतोय. खालच्या मजल्यावर प्लंबर काम करतायत. काढू द्यावेत का?
– सुपरवायझर, वाकड

उत्तर : सातव्या दिवशी नको. आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवसांनी आणि त्याहून मोठ्याचे 14 दिवसांनी काढायला सांगितलंय. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, त्याच कलमातली अट मात्र कुणी वाचत नाही : सिमेंट ओपीसी (साधं पोर्टलँड) हवं, क्युरिंग नीट हवं आणि हवा 15 अंशांखाली जाता कामा नये. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10-12 वर येतो. शिवाय पीपीसी सुरुवातीला ताकद धरायला मुळातच वेळ घेतं.

काँक्रीट किती पिकलं याचा ढोबळ हिशेब असा : दिवसरात्रीच्या सरासरी तापमानात 10 मिळवा आणि दिवसांनी गुणा. सरासरी 27 असताना 7 दिवसांचे 259 होतात. दुपारी 29 आणि पहाटे 11, म्हणजे सरासरी 20 धरली, तर तेवढ्यालाच जवळजवळ 9 दिवस लागतात. पीपीसीसाठी वर आणखी थांबायचं. नेमके किती दिवस ते क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे, ठरवतील, पण कुठले क्यूब? लॅबमधले 27 अंशांच्या पाण्यात आरामात असतात, ते तुमच्या स्लॅबची थंडी सांगत नाहीत. भरतानाच तीन-चार क्यूब जादा काढून स्लॅबवरच, त्याच ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि ते फोडून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी परवानगी घ्या.

टेकू मधल्या भागापासून आधारांकडे सैल करत जायचे. छज्जा आणि बाल्कनीला उलट : बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे. लवकर उघडलेला स्लॅब बहुतेक वेळा त्याच दिवशी पडत नाही, म्हणून तर सेंटरिंगवाल्याला धीर येतो. स्लॅब झोल खातो, म्हणजे मधे वाकतो, खालून बारीक चिरा पडतात. मग त्याच्यावर विटांचा चट्टा लागतो, पुढच्या मजल्याचं सेंटरिंग उभं राहतं, आणि जे व्हायचं ते तेव्हा होतं. टेकू काढताना खाली प्लंबर तर सोडाच, कुणीच नको.

प्रश्न : कामगार रात्री पत्र्याच्या खोलीत घमेल्यात निखारे ठेवून झोपतात. धूर होत नाही, मग धोका काय?
– मुकादम, वाघोली

उत्तर : धूर नाही, हाच धोका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं. झोपलेल्याला तेही कळत नाही. एकाच खोलीतल्या दोघातिघांचं सकाळी डोकं धरलं असेल तर थंडी बाधली म्हणून गोळी देऊ नका. सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो ऑक्सिजनचा आकडा ठीकच दाखवतो.

शेकोटी बाहेरच, डिझेल-थिनर-सिलिंडरपासून लांब, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवलेली. तेल लावलेलं सेंटरिंगचं प्लाय आणि पीव्हीसीचे तुकडे त्यात घालू देऊ नका. पण नुसती मनाई केलीत तर घमेलं परत आत येणारच. खरा गारठा कोब्यातून चढतो. विटांचा एक थर, त्यावर कोरं प्लाय, मग अंथरूण. माणशी दोन ब्लँकेट. पत्र्याच्या खालच्या फटी बुजवा, छपराजवळच्या उघड्या ठेवा.

प्रश्न : सकाळी परांची दवानं ओली असते. काम किती वाजता सुरू करावं?
– वाचक, बाणेर

उत्तर : घड्याळ नको, फळीवर हात फिरवून बघा. पूर्वेची बाजू आधी सुकते, पश्चिमेची उशिरापर्यंत ओली राहते. त्यामुळे बाहेरचं प्लास्टर पूर्वेकडून सुरू करा. तोवर सळई कापणं आणि आतली कामं उरका. सेफ्टी बेल्ट स्वेटरच्या वरून, मांडीचे पट्टे आवळून. दुपारी स्वेटर उतरला की पट्टे पुन्हा आवळायचे. जाड माकडटोपीवर हेल्मेट बसत नाही, कान झाकणारी पातळ टोपी द्या. मफलर आणि शाल मिक्सरच्या आसपास नको.