‘भाडोत्री’ नव्हे, ‘गारदी’

परदेशात नागरिकांचे बळी घेणाऱ्या खासगी लष्करी कंपन्यांच्या माणसांना मराठीत ‘भाडोत्री सैनिक’ म्हणावे की ‘कंत्राटी सैनिक’, आणि त्यांच्यावर निश्चित करायची ती ‘जबाबदारी’ की ‘उत्तरदायित्व’, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘भाडोत्री’ मुळीच म्हणू नये. बातम्यांतून हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरला जातो की ती नुसती शिवी आहे असे वाटावे. कायद्यात मात्र त्याची व्याख्या आहे. जिनीव्हा करारांना 1977 साली जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या 47व्या कलमात सहा अटी आहेत आणि त्या सहाही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. त्यांतली एक अशी की तो माणूस युद्धातल्या कोणत्याही पक्षाचा नागरिक नसावा. म्हणजे इराकमध्ये बंदूक घेऊन उभा असलेला अमेरिकी रक्षक त्या व्याख्येत बसतच नाही. त्याला ‘भाडोत्री’ म्हणून आपला राग शमतो खरा, पण त्याचा वकील तो शब्द पहिल्याच सुनावणीत खोडून टाकील.

‘कंत्राटी’ चालेल. ‘कंत्राट’ इंग्रजांचे नव्हे, पोर्तुगीज ‘कोंत्रातो’चे अपत्य आहे; त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

खरा शब्द मराठीत अडीचशे वर्षे पडून आहे, तो म्हणजे ‘गारदी’. ‘गर्दी करणारे ते गारदी’ अशी व्युत्पत्ती ठणकावून सांगणारे विद्वान अजून भेटतात. त्यांनी कृपया एवढे लक्षात घ्यावे की गारद्यांची ख्याती गर्दीसाठी नव्हे, तर कवायतीसाठी होती. ओळीत उभे राहून हुकमासरशी बार काढणारी ती पगारी पलटण होती. मूळ शब्द ‘गार्द’, म्हणजे पहारा. तो इंग्रजी ‘गार्ड’वरून आला असे काही जण मानतात, पण पानिपतावर तोफखाना चालवणारा इब्राहिमखान फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला होता, म्हणून माझा कौल फ्रेंचांकडे आहे.

गंमत पुढेच आहे. मराठीत ‘गारद’ दोन आहेत. ‘दारावर गारद बसवली’ यातली गारद म्हणजे पहारा. ‘संघ दीडशे धावांत गारद झाला’ यातला ‘गारद’ मात्र अरबी-फारसी ‘गारत’, म्हणजे लूट, विध्वंस. एक शब्द राखणारा, दुसरा उद्ध्वस्त करणारा, आणि मराठीने दोघांना एकच रूप दिले. 16 सप्टेंबर 2007 रोजी बगदादच्या निसूर चौकात हे दोन्ही शब्द एकत्र आले. ब्लॅकवॉटर कंपनीचे रक्षक नेमले होते ते अमेरिकी मुत्सद्द्यांच्या पहाऱ्यासाठी. त्यांच्या गोळ्यांना प्रथम बळी पडली ती एक पांढरी किया गाडी; चालवत होता वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी, शेजारी त्याची आई. एकूण 17 इराकी नागरिक ठार झाले.

इराकी न्यायालय या रक्षकांना हात लावू शकत नव्हते, कारण इराकचा ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाच्या 17 क्रमांकाच्या आदेशाने कंत्राटदारांना तसे संरक्षण मिळाले होते. अमेरिकेचा परदेशी गुन्ह्यांसंबंधीचा 2000 सालचा कायदा 2004च्या दुरुस्तीनंतर संरक्षण खात्याच्या कामाला साहाय्य करणाऱ्या कंत्राटदारांना लागू होत होता, पण हे कंत्राट परराष्ट्र खात्याचे. तेव्हा पहारा नेमका कोणाच्या कामी होता, यावर वकिलांनी वाद घातला. गारद्याच्या बाबतीत हा प्रश्न नेहमीच उभा राहतो. 1773 साली गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले तेव्हा ‘ध’चा ‘मा’ कोणी केला ही आख्यायिका असेल, पण रामशास्त्री सुमेरसिंग गारद्यापाशी न थांबता राघोबादादांपर्यंत गेले. ‘गारदी’ म्हटले की मागे हुकूम देणारा आणि पगार देणारा आपोआप उभा राहतो. ‘भाडोत्री’ शब्दात तो दिसत नाही.

दुसरा प्रश्न राहिलाच. ‘उत्तरदायित्व’ हे ‘जबाबदारी’चेच संस्कृत सोंग आहे, भरपाईपुरते ‘दायित्व’ म्हणावे. जबाबदार म्हणजे ज्याने जबाब द्यायचा तो. निसूर प्रकरणात रक्षकांनी जबाब दिलेही, परंतु ते त्यांच्याविरुद्ध वापरणार नाही अशी हमी परराष्ट्र खात्याच्या तपासनिसांनी देऊन ठेवली होती. सरकारी वकिलांनी त्या जबाबांचा आधार घेतला म्हणून 31 डिसेंबर 2009 रोजी न्यायाधीशांनी खटलाच रद्द केला. जबाबामुळे जबाबदारी टळल्याचे याहून चांगले उदाहरण मला कोशासाठी सापडलेले नाही. पुढे 2011 साली अपिलात खटला पुन्हा उभा राहिला, 2014 साली ज्यूरीने चौघांना दोषी ठरवले, आणि 22 डिसेंबर 2020 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. तेव्हा ‘जबाबदारी निश्चित झाली’ असे मथळे देणाऱ्यांनी ‘जबाबदारी’ खुशाल ठेवावी, निदान ‘निश्चित’ तरी वगळावे.