फ्रेंचांचा ‘सोलेय’ आणि आपला सूर्य

प्रश्न : मुलगी कॉलेजात फ्रेंच शिकतेय, तिचं ऐकून ऐकून मलाही गोडी लागली. सूर्याला इटालियनमध्ये ‘सोले’, स्पॅनिशमध्ये ‘सोल’, मग फ्रेंचमध्येच ‘सोलेय’ का? आपल्या ‘सूर्य’शी त्याचं काही नातं आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे ना, एकाच कुळातले आहेत दोघं! लॅटिन ‘सोल’, ग्रीक ‘हेलिओस’, लिथुआनियन ‘साउले’ आणि संस्कृत ‘सूर्य’ ही सगळी एकाच प्राचीन इंडो-युरोपीय शब्दाची लेकरं. गायत्री मंत्राच्या आधी ‘भूर्भुवः स्वः’ म्हणतो ना आपण, त्यातलं ‘स्वः’ पण त्याच घरातलं.

आता शेपटाचं बघू. इटालियन-स्पॅनिशने ‘सोल’चं थेट रूप ठेवलं, पण फ्रान्सकडच्या बोलीतल्या लॅटिनमध्ये लोक ‘सोलिकुलुस’ म्हणायला लागले असं भाषातज्ज्ञ मानतात. हा ‘कुलुस’ म्हणजे लाडाचा, छोटेपणाचा प्रत्यय, आपण सोन्याचं सोनुला करतो तसाच, फक्त तिकडे लाडाचं रूपच रोजचं झालं आणि मूळचं मागे पडलं. हे एकट्या सूर्याचं नाही हां, कानाला लॅटिनमध्ये ‘ऑरिस’, त्याचं ‘ऑरिकुला’ आणि त्यावरून फ्रेंच ‘ओरेय’, मधमाशी ‘आपिस’, तिचं ‘आपिकुला’ आणि मग ‘आबेय’. तिन्हीकडे शेवट सेम! मला तर हे फारच गोड वाटतं, एवढ्या मोठ्या सूर्याला लाडाचं नाव. शिवाय सोयही झाली, कारण फ्रेंचमध्ये नुसतं ‘सोल’ म्हणजे जमीन, तो लॅटिन ‘सोलुम’वरून आलेला वेगळाच शब्द. ‘सोलेय’च्या स्पेलिंगच्या शेवटी एल दिसतो, पण पूर्वीचा ‘ल्य’सारखा उच्चार जाऊन आता फक्त ‘य’ उरलाय.

अर्थ म्हणाल तर सूर्य आणि ऊन, दोन्ही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई ‘र्‍वा सोलेय’, म्हणजे सूर्यराजा, 1653 मध्ये दरबारातल्या एका बॅलेत तो उगवत्या सूर्याच्या सोनेरी वेशात स्वतः नाचला होता, तेव्हा जेमतेम 14 वर्षांचा पोरगा. सूर्यफूल ‘तूर्नसोल’, सूर्याकडे वळणारं, त्यात मात्र जुना ‘सोल’ टिकलाय बघा. कुणी लाजून लाल झालं तर ‘पिके अं सोलेय’ म्हणतात. आणि मुलगी कधी तिकडे गेलीच तर सांगून ठेवा, ‘कू द सोलेय’ म्हणजे उन्हाने कातडी भाजणं, ऊन लागून माणूस आजारी पडला तर त्याला ‘अँसोलासियाँ’ म्हणायचं.