बॅकअप मध्येच तुटतोय? आधी केबल बघा

लॅपटॉपचा बॅकअप घरातल्या नेटवर्क ड्राइव्हवर (राउटरला जोडलेल्या डिस्कवर) घेताना मध्येच तुटत असेल, तर बॅकअपचं सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा काढून टाकण्याआधी एक करा: पहिला पूर्ण बॅकअप वायफायवरून घेऊ नका. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा. गिगाबिट जोडणीवर ५०० जीबी साधारण दीड तासात जातात. तीच जोडणी १०० मेगाबिटवर घसरली तर जवळपास १२ तास लागतात. तेवढ्यात लॅपटॉप स्लीपमध्ये जातो आणि बॅकअप अर्धवट राहतो.

माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. दोन आठवडे मी सेटिंग्जमध्येच अडकलो. शेवटी दिसलं, दाराच्या फटीतून नेलेली केबल बिजागरीपाशी चेपली होती. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. म्हणून केबल चालू दिसायची, वेग मात्र पडलेला. विंडोजमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या स्टेटसमध्ये स्पीड बघा, १.० जीबीपीएस (म्हणजे एक गिगाबिट) हवा.

'ड्राइव्ह सापडत नाही' असं येत असेल, विशेषतः लाइट जाऊन आल्यावर, तर बहुधा राउटरने ड्राइव्हला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) दिलाय. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून पत्ता कायमचा बांधून टाका.

ड्राइव्ह फारच जुना असेल तर तो फक्त एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) वापरत असेल. नव्या विंडोजमध्ये ते बंदच असतं आणि कृपया चालू करू नका, धोक्याचं आहे. त्याऐवजी ड्राइव्हचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा.

बॅकअप 'पूर्ण' दिसला की दोन-चार फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि खरंच उघडतात का ते बघा.