मोबाईल काढून घेतला, नैराश्य तसंच राहिलं

तुमचा प्रश्न असा: कॉलेजातला मुलगा रात्रंदिवस इन्स्टावर असतो, चिडचिड करतो. सोशल मीडियामुळेच नैराश्य येतं का, आणि त्याचा मोबाईल काढून घ्यावा का?

काढून घेऊ नका. माझा घेतला होता, म्हणून सांगतोय.

पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करत होतो. मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकलं आणि त्याच निकालात रूमवरच्या मित्राला अधिकाऱ्याची पोस्ट मिळाली. गावात मिरवणूक, जेसीबीतून गुलाल. तो व्हिडिओ मी रात्री अडीचला पांघरुणात ब्राइटनेस कमी करून बघायचो. मित्राकडे नाही, त्याच्या वडिलांकडे. फेटा बांधलेला, उपरण्यानं डोळे पुसतायत. तिथंच थांबवून त्यांचा चेहरा मोठा करायचो. मग दुसऱ्या कुणाचा सत्कार, तिसऱ्याचं भाषण, उजाडेपर्यंत. सकाळी अभ्यासिकेत पुस्तक उघडं आणि छातीत धडधड.

दादा येऊन मला गावी घेऊन गेला. "ह्या डबड्यानं वाटोळं केलं तुझं" म्हणत फोन कपाटात घातला, हातात बटणाचा फोन दिला. त्यानंतरचे तीन आठवडे आयुष्यातले सगळ्यात वाईट. रात्री तेवढीच जाग, फक्त आता बघायला छताचे पत्रे. जेवण जाईना. पहाटे चारला गोठ्याच्या पायरीवर बसलेला आईनं दोनदा बघितला, तेव्हा मामा सांगलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी झोप, भूक, मरणाचे विचार, सगळं विचारलं. मोबाईलचा विषय सगळ्यात शेवटी. गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं, दोन महिन्यांत माणसात आलो. फोन परत मिळाला तेव्हा त्या गुलालातल्या मित्राचे व्हॉट्सअ‍ॅपवर रोजचे मेसेज पडले होते. "जेवलास का?" एवढेच.

दादा अजून म्हणतो, मोबाईलमुळेच झालं. माझं म्हणणं, मन आधीच खचलेलं होतं, मोबाईलनं त्यावर मीठ चोळलं. दोन्ही बाजूंनी हे चाक फिरतं: उदास माणूस स्क्रोल करत बसतो, आणि स्क्रोल करून आणखी उदास होतो.

किती तास बघतो ते मोजत बसू नका. नॉर्वेतल्या बर्गनच्या संशोधकांची सहा प्रश्नांची एक मोजपट्टी आहे. सतत तेच डोक्यात असतं का, वापर वाढतच जातो का, दुःख विसरायला वापरतो का, सोडायचं ठरवून जमत नाही का, न मिळाल्यास बेचैन होतो का, अभ्यास किंवा कामाचं नुकसान होतंय का. दुःख विसरायला हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर वर्ष वाचलं असतं.

कमी केल्यानं फरक पडतो, हे खरं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2018 साली 143 विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला. ज्यांनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट दिवसाला प्रत्येकी दहाच मिनिटं वापरलं, त्यांचं एकटेपण आणि नैराश्य कमी झालं. पण दहा मिनिटं होती ना! आणि कपाटाला कुलूप नव्हतं.

दादा मोहित्यांच्या वडगावचं उदाहरण देतो. सांगली जिल्ह्यातलंच गाव, 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. पण तिथं अख्खं गाव बंद करतं, थोरामोठ्यांसकट. दादा स्वतः जेवताना रील्स बघतो. तुम्ही मुलासमोर काय करता ते आधी बघा.

शाळकरी पोरांचं वेगळं, तिथं मोठ्यांनीच मर्यादा घालायला हवी. रात्री फोन खोलीबाहेर ठेवायचा हे मलाही डॉक्टरांनीच सांगितलं आणि त्यानं झोप सुधारली, हे दादाच्या बाजूनं मान्य. गोळ्या प्रत्येकाला लागतीलच असं नाही.

मुलाला आज मोबाईलबद्दल काही बोलू नका. झोप लागते का, जेवण जातं का, एवढं विचारा. दोन आठवड्यांहून जास्त असंच चाललं असेल तर डॉक्टरकडे न्या. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो घरात सगळ्यांना माहीत असू द्या, मुलालासुद्धा. आणि तो लावायला त्याच्या हातात फोन लागेल.